ट्रेमध्ये एक वायसर कमी : इन्टेक मॅनिफोल्ड उतरवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी माझ्या मावसभावाची. बारा वर्षे वापरलेली, पेट्रोलची, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्ह. इंजिन आडवे बसवलेले आणि इन्टेक मॅनिफोल्ड मागच्या अंगाला, म्हणजे इंजिन आणि केबिनचा पत्रा यांच्या मधल्या सांदीत. बॉनेट उघडल्यावर मॅनिफोल्डचा वरचा फुगीर भाग दिसतो, पण खालचे बोल्ट हाताने चाचपूनच सापडतात. प्रकरण पुढे जसे वळत गेले त्याला ही सांदी बरीच कारणीभूत आहे, म्हणून ती आधीच सांगितली.

भावाला गाडीची कामे स्वतः करायची आवड आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग एवढे त्याने केलेले. इंजिनाचा इतका मोठा भाग मात्र कधी उतरवला नव्हता. मी पूर्वी दोनदा मॅनिफोल्ड काढला होता, दोन्ही वेळा ॲल्युमिनियमचा. हा प्लास्टिकचा होता, काचतंतू घातलेल्या नायलॉनचा, आणि फरक नुसता वजनाचा नसतो हे मला काम करतानाच नीट कळले.

ज्यांनी हा भाग हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एअर फिल्टरमधून आलेली हवा थ्रॉटल बॉडीतून, म्हणजे हवा कमीजास्त सोडणाऱ्या झडपेतून, मॅनिफोल्डमध्ये येते आणि चार फांद्यांतून चार सिलिंडरांना वाटली जाते. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात. त्यामुळे आतला दाब बराच उतरतो: समुद्रसपाटीला बाहेर १०० किलोपास्कलच्या आसपास, तर आत साधारण ३० ते ४०. एवढी ओढ असताना जिथे फट मिळेल तिथून बाहेरची हवा आत शिरते, आणि ती फिल्टरमधून गाळलेलीही नसते.

अडचण

तक्रार साधी होती. सकाळी गाडी सुरू केली की पहिली चार-पाच मिनिटे आयडलिंग डळमळायचे. आरपीएमचा (मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ७००वर यायचा, ११००वर जायचा, पुन्हा खाली. कधी इंजिन मिसिंग करायचे, एकदा-दोनदा बंदही पडले. तापल्यावर सगळे शांत. दोन महिन्यांनी चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला. मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढेच तो कोड सांगतो. का, ते सांगत नाही.

भावाने तोवर स्पार्क प्लग बदलले होते, थ्रॉटल बॉडी साफ केली होती, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या क्लीनरने धुतला होता. फरक शून्य. मग त्याने मॅनिफोल्डचे गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद करणारे रबरी पॅकिंग, मागवले आणि मला फोन केला, "दादा, रविवारी ये. मॅनिफोल्ड काढू, अर्ध्या दिवसात होईल."

पहिला निर्णय इथेच होता. गॅस्केट घरात आले म्हणजे गॅस्केटच गेले आहे असे होत नाही. मी त्याला म्हटले, "अरे, आधी गळती कुठे आहे ते शोधू. नसलेल्या दोषासाठी इंजिन उघडायचं नाही." त्याला ते फारसे रुचले नाही, पण ऐकले.

निदान कसे पक्के केले

सर्वांत उपयोगी पडला तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून इंजिनाचा संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतो आहे, ते यात दिसते. उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. इथे आयडलला लाँग टर्म (मुरलेली) आणि शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) ट्रिम मिळून बेरीज अधिक २४ होती. रेस देऊन २,५०० आरपीएमवर धरल्यावर ती अधिक ६ पर्यंत उतरली.

हा उतार महत्त्वाचा. गॅस्केटच्या फटीतून येणारी हवा रेस वाढवली म्हणून काही वाढत नाही, पण इंजिन एकूण घेत असलेली हवा कित्येक पटींनी वाढते. म्हणून त्या चोरट्या हवेचा वाटा कमी होतो आणि ट्रिम सुधारते. पेट्रोलचा पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता तर उलटे झाले असते: आयडलला ठीक आणि भार आला की ट्रिम वर. मळलेला एमएएफ सेन्सरही बहुधा वरच्या आरपीएमवर जास्त त्रास देतो. एका मिनिटाच्या या चाचणीने दोन मोठे संशयित बाजूला झाले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ज्या गाड्यांत एमएएफ सेन्सर नसतो आणि मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरते, तिथे हीच गळती पातळ मिश्रणापेक्षा चढ्या आयडलिंगच्या रूपात दिसते. तिथे हे आकडे असेच येतील असे समजू नये.

आता हवा नक्की कुठून शिरते ते पाहायचे होते. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून आयडलिंग बदलते का बघायची जुनी पद्धत भावाला माहीत होती, पण तो स्प्रे ज्वालाग्राही असतो, एक्झॉस्ट तापत जातो आणि जवळच इग्निशनची वायरिंग असते. मी ती करू दिली नाही. आम्ही दोन गोष्टी केल्या. मॅनिफोल्डला लागलेले रबरी पाइप, म्हणजे ब्रेक बूस्टरचा, क्रँककेसच्या वाफांचा पीसीव्ही आणि पेट्रोल टाकीच्या वाफांचा पर्ज, एकेक करून गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने दाबले. कशानेही विशेष फरक पडला नाही. मग इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून झाडांना मारायच्या पंपाने साध्या पाण्याचा बारीक फवारा मॅनिफोल्ड आणि हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) यांच्या सांध्यावर मारला, वायरिंगची जोडणी टाळून. चौथ्या सिलिंडरपाशी फवारा पोचताच इंजिनाचा आवाज क्षणभर सरळ झाला, काटा स्थिर राहिला आणि दोन सेकंदांत पुन्हा डळमळला. पाण्याने फट तेवढ्यापुरती बुजवली होती. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच.

थंडीतच त्रास का, याचाही उलगडा झाला. जुने गॅस्केट दगडासारखे कडक होते, त्यात थंड असताना सगळेच आकसलेले. इंजिन तापले की प्लास्टिक आणि रबर फुगतात आणि फट मिटते.

समोरचे पर्याय

भावाचा पहिला प्रस्ताव होता बोल्ट थोडे आवळून पाहण्याचा. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला आणि कागदी पॅकिंगला कधीकधी त्याने तात्पुरता फरक पडतो. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमध्ये मात्र प्रत्येक बोल्टच्या भोकात धातूची नळी बसवलेली असते. बोल्ट आवळला की तो त्या नळीवर टेकतो. पुढे कितीही जोर लावला तरी गॅस्केट जास्त दाबले जात नाही, तो सगळा जोर हेडमधल्या ॲल्युमिनियमच्या आट्यांवर जातो. आटे गेले की काम चारपट वाढते. तरीही टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, दिसणारे वरचे तीन बोल्ट तपासले. तिन्ही बरोबर होते. हा रस्ता बंद झाला.

दुसरा पर्याय, बाहेरून सिलिकॉन सीलंट भरणे. एका वाक्यात नाकारला: आतली ओढ तो हळूहळू आत खेचते आणि त्याचे तुकडे व्हॉल्व्हकडे जातात.

तिसरा, तसेच चालवणे. गाडी तापल्यावर नीट चालत होती, म्हणून हा मोह खरा होता. पण पातळ मिश्रणाने होणारे मिसिंग धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक असते आणि न गाळलेली हवा, म्हणजे धूळ, रोज सिलिंडरमध्ये जात होती.

चौथा, गॅरेजमध्ये देणे. यावर आम्ही खरोखर विचार केला. भावाला दोन दिवस गाडी लागणार नव्हती, सर्व्हिस मॅन्युअलमधला त्या इंजिनाचा भाग आमच्याकडे होता, टॉर्क रेंच होता. यातले एकही नसते तर मी गॅरेजच सुचवले असते. मॅन्युअल नसताना बोल्टची संख्या, क्रम आणि टॉर्क अंदाजाने धरून हे काम करू नये, असे माझे ठाम मत आहे.

उतरवायला सुरुवात

इंजिन रात्रभर थंड केले होते. पहिले काम पेट्रोलचा दाब उतरवण्याचे. पोर्ट इंजेक्शनच्या (हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब साधारण ३ ते ४ बार असतो, गाडी बंद असली तरी तो बराच वेळ राहतो. पंपाचा रिले काढला, गाडी सुरू केली, ती काही सेकंदांत आपोआप बंद पडली, मग आणखी दोनदा सेल्फ मारला. त्यानंतरच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हा क्रम उलटा झाला तर दाब उतरवायला गाडी सुरूच होत नाही, तेव्हा तो लक्षात ठेवावा.

मग फोटो. भावाने बॉनेट उघडून वरून चार फोटो काढले आणि झाले म्हणाला. मी प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांचे, प्रत्येक वायरच्या वाटेचे आणि हात घालून मॅनिफोल्डच्या पाठीमागचेही फोटो काढायला लावले. मागचे फोटो तिरके आणि निम्मे अंधारात आले. शेवटी त्यांनीच आमचा एक दिवस वाचवला, ते पुढे येईल.

फिल्टरकडून येणारा जाड पाइप निघाला. थ्रॉटल बॉडीचा कनेक्टर निघाला. त्याची पिवळी खिट्टी बारा वर्षांत ठिसूळ झाली होती, म्हणून नखाने न ओढता छोट्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने आधी मागे सरकवली. थ्रॉटल बॉडीला कूलंटचे दोन बारीक पाइप असतात. सगळे कूलंट न काढता ते क्लॅम्पने दाबले, सोडवले आणि तोंडाला बुच लावले. कपभर कूलंट सांडले, ते लगेच पुसले.

फ्युएल रेलपाशी एक निर्णय घ्यावा लागला. मॅन्युअल सांगत होते की रेलला येणाऱ्या पेट्रोलच्या पाइपचे झटपट सुटणारे कनेक्टर काढा. ते प्लास्टिकचे, तेही बारा वर्षांचे. तो पाइप बऱ्यापैकी लवचीक आणि लांब होता. म्हणून आम्ही रेलचे दोन बोल्ट काढून चारही इंजेक्टरांसकट रेल अलगद वर उचलली आणि पाइप न सोडवता बाजूला बांधून ठेवली. इंजेक्टरांच्या टोकांना स्वच्छ पिशव्या बांधल्या. जे सोडवायची गरज नाही ते सोडवायचे नाही. मात्र हे करताना इंजेक्टरांच्या खालच्या ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कड्या, पाहिल्या तर त्या चपट्या होऊन कडेने तडकल्या होत्या. नव्या आमच्याकडे नव्हत्या. गळती काढायला निघायचे आणि तडकलेल्या रिंग परत बसवायच्या याला अर्थ नव्हता. अर्ध्या दिवसाचे काम दोन दिवसांचे झाले ते तिथे.

मॅनिफोल्ड हलेना

मॅन्युअलप्रमाणे पाच बोल्ट आणि दोन नट. बाहेरच्या टोकांपासून मधल्यांकडे येत, प्रत्येकी थोडे थोडे ढिले करत सगळे काढले. खालचे तीन डोळ्यांना दिसत नाहीत. लांब एक्स्टेन्शन, त्यावर वळणारा जोड, एका हाताच्या बोटाने बोल्टचे डोके शोधायचे आणि दुसऱ्या हाताने सॉकेट तिथवर न्यायचे. या तीन बोल्टना वरच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.

सात मोजून ट्रेमध्ये ठेवले. मॅनिफोल्ड वरच्या बाजूने बोटभर सुटला आणि थांबला. खालून कशाने तरी धरलेला. भावाने लांब स्क्रू ड्रायव्हर आणला आणि फटीत घालू लागला. मी त्याचा हात धरला. प्लास्टिकच्या कडेवर पोलादी टोक टेकवून उचकटले तर एक तर कड चिरते नाहीतर हेडच्या मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडा उठतो, आणि तो ओरखडा नेमका नव्या गॅस्केटखाली येतो.

"चिकटलाय फक्त, दादा."

"चिकटला असता तर सगळीकडे सारखा चिकटला असता. हा एकाच जागी धरतोय."

मॅनिफोल्ड हलवून पाहिला तर उजवीकडचे खालचे टोक खुंटीसारखे स्थिर होते, बाकी सगळे हलत होते. आरसा आणि टॉर्च खाली घातली. मॅनिफोल्डच्या पोटाला एक लोखंडी आधारपट्टी होती, तिचे दुसरे टोक इंजिन ब्लॉकला. मॅन्युअलमध्ये ती होतीच, पण वेगळ्या आकृतीत, आदल्या पानावर. आम्ही फक्त बोल्टच्या क्रमाचे पान छापून घेतले होते. पट्टीचा वरचा एक बोल्ट काढला आणि मॅनिफोल्ड दोन बोटांनी उचलण्याइतका मोकळा झाला. मागे लपलेल्या एका बारीक पाइपची क्लिप तेवढी आणखी सोडवावी लागली.

उघडल्यावर काय दिसले

चौथ्या पोर्टच्या, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेच्या, खालच्या कडेला, हेडच्या चकचकीत पृष्ठभागावर, धुळीची एक करडी रेघ होती. बाहेरच्या कडेपासून पोर्टच्या तोंडापर्यंत, काडीएवढी रुंद. बाकी तीन पोर्टांभोवती असे काहीही नव्हते. हवा कुठून शिरत होती याची खूण तिने स्वतःच काढून ठेवली होती. फवाऱ्याने दाखवलेली जागा आणि ही रेघ एकच निघाली, तेव्हा भावाचा चेहरा पाहण्यासारखा खुलला.

जुने गॅस्केट खाचेतून काढले. नवे रबर खाचेच्या वर चांगले मिलिमीटरभर उठून दिसते. जुने खाचेच्या काठाशी सपाट झाले होते, आणि वाकवल्यावर चौथ्या पोर्टपाशी ताडकन मोडले. मॅनिफोल्डवर पोलादी सरळ पट्टी आडवी धरून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाकलेपणा तपासला. मॅन्युअलच्या मर्यादेत होता. वाकलेला असता तर नवे गॅस्केटही टिकले नसते आणि मॅनिफोल्डच बदलावा लागला असता, म्हणून ही तपासणी टाळू नये.

त्या संध्याकाळी पोर्टांमध्ये फडक्याचे बोळे भरले, वर रुंद चिकटपट्टी लावली आणि ओ-रिंग मिळेपर्यंत काम थांबवले. बोळे चार, ट्रेवर लिहून ठेवले.

हरवलेला वायसर

दुसऱ्या दिवशी हेडचा पृष्ठभाग साफ करायचा होता. प्लास्टिकची पट्टी आणि क्लीनरने भिजवलेले फडके, एवढेच वापरले. ड्रिलला लावायच्या घासण्याच्या चकत्या इथे नकोत. त्यांची कडक भुकटी इंजिनात उतरते आणि तेलातून बेअरिंगपर्यंत जाते.

शेवटचे पुसणे राहिले होते. भावाने चारही पोर्टांवरची पट्टी आणि बोळे एकदम काढले, टॉर्चने आत पाहिले, पुसू लागला. पुसून झाल्यावर सोयीचे पडावे म्हणून स्टडचे (नट बसतात त्या आटेदार खुंट्यांचे) दोन्ही वायसर त्याने व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेवर, पोर्टांच्या बरोबर वर, काढून ठेवले होते. त्याचे कोपर लागले. एकच बारीक आवाज आला, टिण्. खाली जमिनीवर काही पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

कडेवर एक वायसर उरला होता.

जमिनीवर शोधले, गिअरबॉक्सच्या वर शोधले, खालच्या कव्हरमध्ये हात घातला. नाही. भाऊ म्हणाला, "खालच्या कव्हरमध्येच कुठेतरी अडकला असेल. माझ्याकडे दुसरा आहे, बसवून टाकू." तो घाबरला होता आणि लवकर झाकून टाकावेसे वाटत होते. मलाही तसे वाटत होते, हे मी कबूल करतो.

आम्ही थांबून हिशेब केला. एम८चा वायसर १६ मिलिमीटर रुंद पण जेमतेम दीड मिलिमीटर जाड असतो. इन्टेक व्हॉल्व्ह उघडा असेल तर तो आडवा होऊन सहज सिलिंडरमध्ये जाऊ शकतो. चार सिलिंडरच्या इंजिनात, ते जिथे थांबले असेल तिथे, बहुतेक वेळा कुठला ना कुठला इन्टेक व्हॉल्व्ह थोडाफार उघडा असतोच. आणि सिलिंडरमध्ये लोखंडाचा तुकडा असताना सेल्फ मारला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही जातात. पाना लावून हाताने क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवणेही चूक ठरले असते, कारण पोर्टमध्ये बंद व्हॉल्व्हवर सुरक्षित पडलेला वायसर व्हॉल्व्ह उघडताच आत गेला असता. तेव्हा ठरले: वायसर हातात येईपर्यंत इंजिन एक अंशही फिरणार नाही. मी बॅटरीची वायर पुन्हा तपासली आणि गाडीची चावी खिशात घातली.

प्रत्येक पोर्ट आत जाऊन दोन व्हॉल्व्हसाठी दोन फांद्यांत विभागला जातो. म्हणजे पाहायच्या जागा आठ. मोबाइलला जोडायचा नळीवाला कॅमेरा शेजाऱ्याकडून आणला. पहिल्या पोर्टच्या दोन्ही फांद्या रिकाम्या. दुसऱ्यात तेलाचा काळा थर, बाकी काही नाही. तिसऱ्याच्या डाव्या फांदीत, व्हॉल्व्हच्या दांड्याला टेकून, काजळीत अर्धा रुतलेला वायसर उभा होता. व्हॉल्व्ह बंद होता.

आता तो काढायचा. लांब होणारी चुंबकाची काठी आत घातली की ती वायसरपाशी पोचण्याआधीच व्हॉल्व्हच्या दांड्याला जाऊन चिकटायची. हेड ॲल्युमिनियमचे, त्याला चुंबक चिकटत नाही, पण हा इन्टेक व्हॉल्व्ह पोलादाचा होता आणि त्याने चुंबक ओढला. सात-आठ वेळा हेच झाले. शेवटी भावालाच सुचले: शीतपेयाची प्लास्टिकची नळी कापून चुंबकावर अशी चढवली की बाजू झाकल्या गेल्या आणि फक्त पुढचे टोक उघडे राहिले. मग कॅमेऱ्यात पाहत पाहत टोक वायसरच्या वरच्या कडेला लावले. तो चिकटला, दांड्यापाशी अडखळला, सुटला, पुन्हा चिकटला आणि बाहेर आला. वायसर साध्या पोलादाचा होता म्हणून हे जमले. स्टेनलेसचा असता तर चुंबकाचा उपयोग झाला नसता.

बाहेर आल्यावर दोन्ही वायसर ट्रेमध्ये ठेवून ट्रेची मोजणी मी मोठ्याने केली आणि भावाने कागदावर टिक केली. पोर्टांचे चारही बोळे समोर आहेत हेही त्याच वेळी मोजले.

बसवणे

नवे गॅस्केट खाचेत कोरडेच बसवले. अशा रबरी गॅस्केटला मॅन्युअल सांगत नसेल तर सीलंट लावायचा नसतो. नव्या ओ-रिंगना स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावले, म्हणजे बसताना त्या कापल्या जात नाहीत. पोर्ट उघडे आणि मॅनिफोल्ड हातात, हा वेळ कमीत कमी ठेवला: पुन्हा लावलेली चिकटपट्टी काढली, टॉर्च फिरवली, मॅनिफोल्ड लावला.

सगळे बोल्ट आधी बोटांनी. खालचा एक आट्यात वाकडा जाऊ लागला तेव्हा मागे काढून पुन्हा लावला. मग मधून बाहेरच्या दिशेने, उलटसुलट, दोन फेऱ्यांत. या इंजिनाला मॅन्युअलमध्ये १५ न्यूटन-मीटर होते. दुसऱ्या इंजिनाला आकडा वेगळा असेल, आपापले पान बघावे. आधारपट्टीचा बोल्ट सर्वांत शेवटी, कारण तो आधी आवळला तर मॅनिफोल्ड तिरका ओढला जातो.

बॅटरी जोडली, रिले लावला. सेल्फ न मारता चावी तीन वेळा ऑन-ऑफ केली, म्हणजे पंप रेल भरतो. इंजेक्टरांच्या खांद्यांवर कोरडा कागद फिरवून पाहिला, ओल नव्हती. मग गाडी सुरू केली.

परिणाम, आणि मधला एक धक्का

इंजिन डळमळले नाही, पण आयडलिंग ११००वर जाऊन तिथेच राहिले. सोबत बारीक शीळ. भाऊ मटकन खाली बसला. "परत काढायचा?"

हा शेवटचा निर्णय होता. गॅस्केट नीट बसले नसेल ही शक्यता होतीच, पण पुन्हा उघडण्याआधी स्वस्त तपासण्या करायच्या असे ठरवले. काढताना ज्यांना हात लावला त्या सर्व जोडण्या आणि कालचे फोटो समोरासमोर ठेवले. मागच्या अंधाऱ्या फोटोंपैकी एकात, ब्रेक बूस्टरच्या तोटीशेजारी, एका न वापरलेल्या बारीक तोटीवर काळी रबरी टोपी दिसत होती. गाडीवर आता ती नव्हती. मॅनिफोल्ड सांदीतून वर काढताना घासून पडली असावी. बोट तोटीवर ठेवले, शीळ थांबली आणि काटा खाली येऊ लागला. टोपी खालच्या कव्हरमध्ये सापडली, पण चिरली होती. त्याच मापाची नवी टोपी आणून क्लिप लावली.

ब्रेक बूस्टरचा पाइप बसला आहे याची वेगळी खात्री केली. गाडी बंद असताना ब्रेक पाचसहा वेळा दाबून पेडल कडक केले आणि तसेच दाबून धरून गाडी सुरू केली. पेडल थोडे खाली गेले, म्हणजे बूस्टरला ओढ मिळते आहे. ही चाचणी झाल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. कूलंटची पातळी भरली, कोड पुसला.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर आयडलिंग पहिल्या मिनिटापासून स्थिर होते. आठवडाभराने ट्रिमची बेरीज आयडलला अधिक ३, २,५०० आरपीएमवर अधिक २. दिवा परत लागला नाही.

पुन्हा करायचे तर

चार पोर्ट एकदम उघडणे ही खरी चूक होती. एक उघडायचा, पुसायचा, झाकायचा आणि मगच पुढचा. आणि पोर्टांच्या वरच्या पातळीवर एकही सुटा भाग ठेवायचा नाही. हे मी भावाला आधी सांगायला हवे होते. दोनदा मॅनिफोल्ड काढलेला माणूस मी होतो, तो नव्हे.

मॅन्युअलचे एकच पान छापून कामाला बसणे ही दुसरी. आधारपट्टी आदल्या पानावर होती आणि माझा हात दोन सेकंद उशिरा पोचला असता तर मॅनिफोल्डची कड गेली असती. आता मी उतरवण्याचा संपूर्ण भाग आदल्या रात्री वाचतो आणि बोल्टची संख्या कागदावर लिहून ट्रेशेजारी ठेवतो.

इंजेक्टरांच्या रिंग, थ्रॉटल बॉडीची रिंग, रबरी टोप्या आणि पीसीव्हीचा पाइप गॅस्केटबरोबरच मागवायला हवे होते. बारा वर्षांच्या गाडीत गॅस्केट कडक झाले असेल तर त्याच उष्णतेत राहिलेले बाकीचे रबर मऊ असेल असे धरायला काही आधार नव्हता. पीसीव्हीचा पाइप आम्ही यावेळी तसाच ठेवला. त्याच्या कोपऱ्याच्या वळणावर बोटाने दाबले तर बारीक चिरा उघडतात, अजून आरपार नाहीत. नवा पाइप मागवला आहे आणि तो बदलायला मॅनिफोल्ड काढावा लागत नाही, एवढे बरे.